८३एक्स झूम असून फोटो धूसर, पिसं दिसतच नाही, काय चुकून राहिलं?

बोडीकाठ (अर्जुनी मोरगाव):

राम राम मंडळी. दिवाळीत निकॉनचा सेकंडहॅन्ड पी९०० घेतला, ८३एक्स झूमवाला, २४ ते २००० एमएम. डीएसएलआर अन् मोठी लेन्स आपल्या बजेटमधी बसत नाही, अन् बसली तरी ते धूड घेऊन धुऱ्याधुऱ्यानं (वावराच्या बांधाबांधानं) कोण फिरते. आमच्याकडं मामा (जुने मालगुजारी) तलाव गावागणिक आहेत, हिवाळ्यात बदकं भरपूर उतरतात, नशीब असलं तर सारसाची जोडी पण दिसते. झूम तर असा की पल्याडच्या पाळीवर बांधलेल्या बैलाची वेसण दिसते. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो एकदम झकास वाटते पण घरी येऊन लॅपटॉपवर मोठा केला की सगळं धूसर, पीस म्हणून एक वेगळं दिसत नाही.

तीन फोटो टाकले आहेत, त्याची माहिती देतो. पहिला सारस, तलावाच्या पल्याड, दीडशे-दोनशे मीटर असंल, सकाळचे साडेअकरा, फुल झूम, शटर १/५०० सेकंद, एफ (लेन्सच्या छिद्राचा आकडा) ६.५, आयएसओ (सेन्सरची संवेदना) १००. दुसरा रानकुत्र्यांचा, नागझिऱ्यात संध्याकाळच्या सफारीत, १/६०, आयएसओ १६००. तिसरा नीलपंख, आमच्याच वावरात तुरीवर बसला होता, हा तर वीसेक मीटरवरच होता, उजेड मस्त, १/६४०, आयएसओ २००, तरी डोळा साफ नाही.

ट्रायपॉड घेऊ का? का लेन्समधीच काही गडबड आहे? अन् पुढं एक काच लावलेली आली आहे संरक्षणासाठी म्हणून, ते ठेवू का काढू?

नागपूर_क्लिक:

भाऊ खरं सांगू का, छोट्या सेन्सरचा कॅमेरा आहे तो. त्याच्या सेन्सरचं क्षेत्रफळ फुल फ्रेमच्या (मोठ्या कॅमेऱ्याच्या सेन्सरच्या) तिसाव्या हिश्शाएवढं, त्यात पिसं शोधून काय मिळणार. विकून टाक आणि जुनी डीएसएलआर बॉडी घे, सोबत ७०-३०० एमएमची लेन्स.

रोही_पांढरकवडा:

घ्या, आले विकायला लावणारे 😀 साहेब ७०-३०० नं पल्याडच्या काठावरचा सारस काढून दाखवा, फ्रेममधी बोट ठेवून सांगावं लागंल कुठं आहे ते. पोरानं विचारलं काय अन् तुम्ही सांगून राहिले काय.

बोडीकाठ भाऊ, ती पुढची काच आधी काढ. साध्या यूव्ही फिल्टरनं लांबच्या झूमला फोटो बऱ्याचदा मऊ पडते, २४ एमएमला कळत नाही पण २००० ला कळते. पुसायचं कापड अन् लेन्सची टोपी एवढं संरक्षण पुरे.

पवनीचे_गुरुजी:

बोडीकाठ, तुमचे तिन्ही फोटो तीन वेगळ्या कारणांनी बिघडलेत, त्यामुळे सगळ्याला मिळून एक ट्रायपॉड हा उपाय नाही.

सारसाचा आधी घेतो, कारण त्यात शिकण्यासारखं जास्त आहे. शटर ठीक, आयएसओ अगदी कमी, उजेड भरपूर, मग बिघडलं काय? हवा. साडेअकराला पाळ तापते, रिकाम्या बांध्या (धानाची खाचरं) तापतात, पाण्यावरची हवा वेगळी आणि जमिनीवरची वेगळी, ती सतत वरखाली होत असते आणि तुम्ही २००० एमएमनं त्या हलत्या हवेतून दीडशे मीटर आरपार बघताय, म्हणजे लेन्सनं जेवढं मोठं केलं तेवढं तिचं थरथरणं पण मोठं केलं. खात्री करायची असेल तर व्ह्यूफाइंडरमधून सारसाचे पाय पाण्याला टेकतात तिथं बघा, ती रेघ स्थिर आहे की लहरतेय. लहरत असेल तर लाखांची लेन्स असली तरी तोच फोटो येणार, मी लाखांच्या लेन्सवाल्यांना नवेगाव बांधला दुपारी हात चोळत बसलेलं पाहिलंय. आणि हे फक्त मे महिन्यातलं काम नाही बरं का, डिसेंबरात पहाटे हवा गार आणि तलावाचं पाणी तिच्यापेक्षा कोमट असतं, तेव्हाही पाण्यालगत असंच होतं, पाण्यावर वाफ दिसते ना, ती दिसली की समजायचं.

आता खरी अडचण अशी की हवा शांत असते तेव्हा उजेड नसतो आणि उजेड येतो तेव्हा हवा शांत राहत नाही. तुमच्या कॅमेऱ्याला पूर्ण झूमवर एफ ६.५ च्या खाली जाता येत नाही (आकडा लहान तितका उजेड जास्त). भर उन्हात त्याला आयएसओ १०० वर १/५००-१/६०० मिळतं, सूर्य नुकता वर आला असेल तर तेच १/१०० च्याही खाली येतं, मग एकतर आयएसओ वाढवा नाहीतर शटर सोडा. म्हणून मधला वेळ धरायचा, ऊन पडल्यापासून तास-दीड तास, हिवाळ्यात थोडं आणखी, आणि सूर्य आपल्या पाठीशी हवा, म्हणजे सकाळी पूर्वेकडच्या काठावर बसायचं. बहुतेकजण गाडी जिथं उभी करता येते तिथं बसतात, तलाव आपल्यासाठी फिरत नाही.

पण या सगळ्याच्या वर अंतर. तीस मीटरवरचा खंड्या या कॅमेऱ्यानं असा येतो की चोचीवरचा थेंब दिसावा, आणि तोच कॅमेरा दोनशे मीटरला हात टेकतो. हिशोब बघा, २००० एमएमला शंभर मीटरवर फ्रेमची रुंदी जेमतेम पावणेदोन मीटर भरते, सारस मान वर करून उभा राहिला की जवळपास तेवढाच उंच, म्हणजे शंभर मीटरलाच तो फ्रेमच्या बाहेर जाऊ पाहतो. मग दोनशेवरून कशाला काढायचा? नुसता काठावर बसून राहिलात तर बदकं आपणहून अर्ध्या अंतरावर येतात, माणूस हलत नाही हे त्यांना समजायला वेळ द्यावा लागतो.

रानकुत्र्यांचं थोडक्यात. १/६० ला कुत्रा चालत असेल तर तो पुसटच येणार. कंपनी व्हीआर पाच स्टॉपचं सांगते पण ते तुमच्या हाताचं थरथरणं आवरतं, कुत्र्याचे पाय नाही. संध्याकाळी झूम मागे घ्या, जितकं मागे तितका एफ नंबर खाली, अगदी २४ एमएमला २.८ मिळतो, जंगलासकट कळप काढा, तो फोटो जास्त चांगला दिसतो हे माझं मत. नुसतं तोंड भरून काढलेल्या फोटोंचा मला कंटाळा आलाय.

नीलपंखाचा फोकस चुकलाय. तुमच्या फोटोत पुढच्या तुरीच्या शेंगांवरची लव स्पष्ट दिसते, बघा मोठं करून. कॅमेऱ्यावर सोडलं की तो जवळचं आणि ठळक ते पकडतो. मेनूत एएफ एरिया मॅन्युअल स्पॉट करा, बारीक चौकोन डोळ्यावर ठेवा, अर्धं दाबा, फोकस बसला की मग पूर्ण. तरी गवतच पकडत असेल तर पक्ष्याच्याच अंतरावरच्या जाड फांदीवर अर्धं दाबून धरा आणि तसंच पक्ष्याकडे वळा.

जिप्सीवाला_पिटेझरी:

गुरुजी बरोबर सांगून राह्यले. मी गेटवर जिप्सी चालवतो म्हणून माझं बी आयका. पाव्हणे फोटो बिघडला की कॅमेऱ्याले शिव्या देतात पण गाडीत कोण हालून राह्यलं ते पाहत नाहीत. इंजन चालू असलं की अख्खी गाडी थरथरते, डायवरले सांगा बंद कर म्हणून, कोणी नाही म्हणत नाही. मांगच्या सीटवरचा उठून उभा झाला की पुढच्याचा फोटो गेलाच. अन् बोनटावरून काढू नका, बोनट तापून असते, गुरुजी म्हणतात ते हवेचं थरथरणं तिथंच एक हात अंतरावर भेटते, साइडनं काढा.

ट्रायपॉड गाडीत कुठं उभा करता बाप्पा, सहा माणसाचे पाय असतात तिथं. जुन्या जीनचा एक पाय कापा, खालून शिवा, ज्वारी भरा, वरून शिवा, झाली थैली. गाडीच्या दांडीवर टाकली की लेन्स तिच्यात बसते. धान नका भरू, टोचते अन् कूस उडते, लेन्सच्या नळीत जाते. गहू चालते. पावसाळ्यात रिकामी करून ठेवा नाहीतर उंदरं लागतात, माझी एक थैली तशीच गेली, सकाळी पाव्हण्याच्या मांडीवर ज्वारी 😂

ताडोब्यात कोअरमधी मोबाईल नेऊ देत नाहीत म्हणून आता असे झूमवाले कॅमेरे लय दिसतात लोकायजवळ. नवा घेतलेला असते, घरी एकडाव बी चालवून पाहत नाहीत, वाघ समोर आला की मंग बटन शोधतात. आधी घरच्या कोंबडीवर हात बसवा.

परतवाड्याची_ताई:

मी कॅननचा एसएक्स७० वापरते, ६५एक्स, १३६५ एमएम पर्यंत जातो, त्यामुळे दुखणं सारखंच. दादा तुम्ही फोटो १०० टक्के मोठा करून बघताय, तिथंच निम्मी निराशा आहे. हे जरा समजून घ्या. १६ मेगापिक्सेल त्या चिमुकल्या सेन्सरवर बसवलेत, एकेक पिक्सेल साधारण १.३ मायक्रॉनचा, आणि एफ ६.५ ला प्रकाशाचा एक ठिपका पसरून साडेआठ-पावणेनऊ मायक्रॉनचा होतो, म्हणजे एक ठिपका सहासात पिक्सेल आडवा झाकतो. ती प्रकाशाचीच मर्यादा आहे, लेन्स कितीही चांगली असू दे. म्हणून फोटो अर्ध्या रुंदीचा करून बघा, २३०० पिक्सेलच्या आसपास, तिथं पिसं दिसली तर फोटो चांगला आहे, छापायला ए४ मस्त निघतो. आणि याच कारणानं एफ ८ वगैरे करायला जाऊ नका, मोठ्या कॅमेऱ्याचे व्हिडिओ बघून लोक करतात, इथं आणखी मऊ होतं. उघडंच ठेवायचं.

दुसरं म्हणजे नॉइज रिडक्शन. आयएसओ ८०० च्या वर गेलं की कॅमेरा दाणे घालवायच्या नादात पिसं पण सारवून टाकतो, तुमच्या १६०० च्या कुत्र्यांच्या केसांचं तेच झालंय. मेनूत नॉइज रिडक्शन लो करा, दाणे दिसले तर दिसू द्या. पी९०० ला रॉ (कॅमेऱ्यानं न सारवलेली कच्ची फाइल) नाही, पी९५० ला आणि माझ्याला आहे, रॉ असेल तर हे काम घरी आपल्या हातानं करता येतं, पण नसलं म्हणून रडायचं कारण नाही. आयएसओ ऑटो असेल तर वरची मर्यादा ४०० ची ठेवा, उजेड कमी असेल तेव्हा ८००. मोड एस (शटर आपण ठरवायचं), शटर बसलेल्या पक्ष्याला १/२५० ते १/५००. डिजिटल झूम मेनूतून कायमचा बंद, ते नुसतं ताणणं आहे.

आणि एकदम टोकाला जाऊ नका हो. १२००-१४०० च्या आसपास थांबून बघा, हात कमी हलतो, पक्षी सापडतो, फोकस लवकर बसतो. स्क्रीनकडे बघत हात लांब करून काढत असाल तर ते बंद करा, डोळा व्ह्यूफाइंडरला, कोपरं बरगड्यांना, डावा हात लेन्सखाली, श्वास सोडताना दाबा. बर्स्ट लावा, तुमच्याला सेकंदाला ७ फ्रेम आहेत पण सातच घेतो आणि मग कार्डावर लिहीत बसतो, तेवढा वेळ कॅमेरा मुका, त्यामुळे पक्षी आला रे आला की दाबून मोकळं होऊ नका. पहिली फ्रेम बटणाच्या धक्क्यानं हलते, तिसरी-चौथी बहुतेक बरी निघते.

मेळघाटात रानपिंगळ्यासाठी लोक येतात, १९९७ ला शहाद्याकडे पुन्हा सापडला तोच. हा दिवसा पण बाहेर बसतो, उघड्या फांदीवर, म्हणजे आपल्या छोट्या कॅमेऱ्यासाठी अगदी सोयीचा घुबड. पण त्याला मोबाईलवर आवाज वाजवून बोलावणारे पाहिले की डोकं फिरतं. तुमच्याकडे सारसाचं तसं करू नका एवढीच विनंती.

बोडीकाठ (अर्जुनी मोरगाव):

गुरुजी, ताई, भाऊ, सगळ्यांचे आभार, एवढं कोणी समजावून सांगत नाही. काच काढली. तुरीच्या शेंगा मोठ्या करून पाहिल्या, खरंच एकएक केस दिसते, अन् मी पक्ष्यात शोधून राहिलो होतो.

एक राहिलं, लेन्समधी गडबड नाही हे पक्कं कसं करावं? सेकंडहॅन्ड आहे म्हणून मनात राहते. अन् उडणारा पक्षी तर जमतच नाही, फुल झूमला सापडतच नाही, सापडला तोवर तो पुढच्या तलावावर.

पवनीचे_गुरुजी:

लेन्स तपासायला पक्षी नको, पाटी पाहिजे. सकाळी ऊन तापायच्या आत ग्रामपंचायतीची नाहीतर एसटी थांब्याची पाटी वीस-पंचवीस मीटरवरून काढा, कॅमेरा धान्याच्या चुंगडीवर दाबून बसवा, दोन सेकंदाचा टायमर लावा म्हणजे बोटाचा धक्का नको, व्हीआर बंद, कारण कॅमेरा हलतच नसेल तर व्हीआर उगाच काहीतरी दुरुस्त करायला बघतं. आयएसओ १००. एकदा ५०० एमएमला, एकदा १२०० ला, एकदा टोकाला. मग अक्षरांच्या कडा बघा. चारही कोपऱ्यांपैकी एकच कोपरा मऊ येत असेल तर आतलं काचेचं काहीतरी सरकलंय, दुकान गाठा. सगळीकडे सारखं आणि टोकाला थोडंसंच मऊ असेल तर ते असंच असतं. पाटी जवळची घेऊ नका, टोकाच्या झूमला हा कॅमेरा पाच मीटरच्या आत फोकसच घेत नाही.

परतवाड्याची_ताई:

उडत्याचं सांगते. या कॅमेऱ्यांचा फोकस हळू आहे, हे मान्य करून पुढं जायचं. तुमच्या लेन्सच्या बाजूला डाव्या हाताला एक बटण आहे, दाबून धरलं की झूम तात्पुरता मागे येतो, पक्षी चौकटीत घेतला की सोडा, परत जागेवर जातो. ते डोळे मिटून सापडलं पाहिजे इतकं वापरा. उडणाऱ्याला ४००-६०० एमएमच्या पुढं जाऊ नका, शटर १/१००० च्या वर. आणि शिक्रा-बिक्रा सोडून द्या सुरुवातीला. बगळा, सारस, चक्रवाक असे मोठे, सरळ रेषेत सावकाश उडणारे धरा. कापशी घार तर वावरावर एका जागी पंख मारत थांबते, तिच्यावर सराव होतो, खाली उतरायच्या आधी दोनचारदा थांबतेच. आकाश मागे असलं की पक्षी काळा येतो, तिथं एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सोय) +०.७ करा, आणि बगळ्यासारख्या पांढऱ्याला उन्हात उलटं, -०.७, नाहीतर पांढऱ्यात पिसं उरत नाहीत.

नागपूर_क्लिक:

बरं बाबा, विका म्हणालो ते मागे 🙏 पण एक सांगतो, पुढंमागं बदलायचाच झाला आणि वजन नको असेल तर एक इंच सेन्सरवाला ब्रिज कॅमेरा (तुझ्यासारखाच, लेन्स अंगचीच) बघ, सोनीचा आरएक्स१० मार्क ४ वगैरे. झूम फक्त ६०० एमएम पण टोकाला एफ ४, सेन्सर तुझ्याच्या चौपट मोठा. नागझिऱ्याच्या संध्याकाळी तिथं फरक पडतो. किंमत मात्र ऐकून घे आधी.

रोही_पांढरकवडा:

किंमत ऐकली, मुकाट्यानं परत तुरीत रोही (नीलगाय) काढायला चाललो. टिपेश्वरात उन्हाळ्यात पाणवठ्यावर बसलं की जनावर चाळीस मीटरवर येते, तिथं माझा १२००वाला साधा झूम कॅमेरा पुरते, फक्त सकाळी सकाळी.

बोडीकाठ (अर्जुनी मोरगाव):

पाटी काढली. ५०० ला अन् १२०० ला अक्षरं कोरल्यासारखी, खाली बारीक अक्षरात पेंटरचं नाव आहे ते पण वाचता येते. टोकाला थोडं मऊ, पण चारही कोपरे सारखे. म्हणजे लेन्स ठीक दिसते. तुरीतला नीलपंख पण परत काढला, स्पॉट करून, अर्ध्या साईझमधी गळ्यावरच्या फिक्या रेघा साफ दिसतात, घरात सगळ्यांना दाखवून झालं. थैलीत ज्वारी आईनं देली नाही, गहू भेटले.

आता सारस. जोडी तलावाशेजारच्या बांधीत धान कापलेल्या जागी चरते, बांधी आमच्या काकाची आहे. धुऱ्याच्या आडोशानं किती जवळ जावं?

पवनीचे_गुरुजी:

काकाची असली तरी चालत मागे जाऊ नका. ते कुठून कुठं चरत जातात ते आधी दुरून बघून घ्या, आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत त्यांच्या वाटेवरच्या धुऱ्याला पाठ लावून बसा, अंगावर मळकट दुपट्टा, कॅमेरा थैलीवर जमिनीलगत. जमिनीलगत घेतला की मागची बांधी लांब पडते आणि पक्षी उठून दिसतो, फक्त ऊन तापलं की जमिनीलगतच थरथर जास्त, म्हणून नऊ-साडेनऊला आवरायचं. चरताना माना खाली असतात. दोघांनी एकदम माना वर करून तुमच्याकडे रोखून बघितलं की समजायचं आपण फार जवळ आलो, तिथंच गप्प राहा, पुढं सरकू नका. तरी एकजण ओरडला तर कॅमेरा ठेवा आणि त्यांना जाऊ द्या. पावसाळ्यात धानाच्या बांधीत घरटं असतं तेव्हा तर धुऱ्यावरही जायचं नाही, झूम कितीही असो, अंडी सोडून उठले की कावळे टपलेलेच असतात. काकालाही सांगून ठेवा, घरट्यापुरता धान तसाच राहू द्या म्हणावं.

जिप्सीवाला_पिटेझरी:

अन् फोटो इथं टाकशील तर कार्डातून काढून टाक बरं भाऊ, व्हाट्सॲपवरून फिरून आलेला टाकू नको, अर्धी पिसं तिथंच गळतात अन् मंग ताई परत नॉइज रिडक्शन शोधत बसन.